कॅप्टनची दुभाषी

माझं फ्रेंच न्यूझीलंडमध्ये मला एकदाच उपयोगी पडलं, आणि ते ज्या कामासाठी पडलं ते काम आठवलं की आजही तोंड कडू होतं.

पुण्यात मी बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं. सकाळी कॉलेजच्या मुलांकडून क्रियापदं घोकून घ्यायची, दुपारी चाकणच्या एका कारखान्यासाठी मशीनच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करायचं. मग नवऱ्याला ऑकलंडला आयटीतली नोकरी लागली, आम्ही मनुरेवात घर घेतलं, आणि माझ्या फ्रेंचची विचारपूस संपली. पेनरोजमधल्या एका डेपोत मी नळ, पाइप आणि त्यांच्या जोडांच्या ऑर्डरी घ्यायला बसले. काम साधं होतं आणि माणसं बरी होती. कुणी फार बोलायचं नाही. मला ते मानवलं होतं.

आमच्या शेजारची शेड एका फ्रेंच माणसाने भाड्याने घेतली. एका थंडगार सकाळी पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून तो आमच्या काउंटरवर आला आणि त्याची पॅलेट कुठे गेली म्हणून विचारायला लागला. ती चुकून आमच्याकडे उतरवली होती. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं, जे येत होतं तेही तो हातवाऱ्यांनी पुरं करत होता. मी फ्रेंचमध्ये म्हटलं, "तुमची पॅलेट मागच्या दाराशी आहे. सही करून घेऊन जा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू फळीवरचा एखादा नळच बोलला.

"तू कुठे शिकलीस?"

"पुण्यात."

ते कुठे आहे हे त्याने विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत म्हणाला, "तुझं फ्रेंच वकिलाच्या कागदासारखं आहे. असं कुणी बोलत नाही."

फ्रेंचमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. मी त्याला शेवटपर्यंत तुम्ही म्हणत राहिले. तो पहिल्या वाक्यापासून तूवर आला होता. त्याला मी मोकळेपणा समजले नाही, आजही समजत नाही.

आठवड्याने तो परत आला आणि मला नोकरी देतो म्हणाला. तो व्यावसायिक फुटबॉलपटू होता, मिडफिल्डर. मैदानाच्या मध्यावर खेळणारा, मागच्यांकडून चेंडू घेऊन पुढच्यांना देणारा. खेळ सुटल्यावर एका इथल्या बाईच्या मागे तो न्यूझीलंडला आला, ती बाई त्याला सोडून गेली, आणि मग त्याने धंदा काढला: मेरिनो लोकरीचे खेळाडूंसाठी मोजे. मेंढी इथली, पाय फ्रान्सचा, असं काहीतरी तो सांगायचा. मोजे वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते. ते विकायला खोटं बोलायची गरज नव्हती. म्हणून तर जास्त चीड येते.

शेडमध्ये आम्ही चौघं होतो. आम्ही त्याला कॅप्टन म्हणावं अशी त्याची इच्छा होती. इच्छा कसली, तसं त्याने ईमेलमध्ये लिहिलंच होतं. पॅकिंग करणारा सामोअन गृहस्थ त्याला "कॅप" म्हणायचा आणि कुणाला दिसणार नाही असं हसायचा.

माझं काम त्याचं बोलणं इंग्रजीत सांगायचं. दुकानांचे खरेदीदार, क्लबांचे सेक्रेटरी, कधी एखादी शाळा, असे वीसपंचवीस लोक जमवायचे. त्यांच्यापुढे तो स्वतःच्या कारकिर्दीबद्दल बोलणार, आणि शेवटी मोजे. त्याला जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यावर भागलं असतं, पण त्याच्या लक्षात आलं होतं की तो फ्रेंचमध्ये बोलला की लोक मान तिरकी करून, श्रद्धेने ऐकतात. बाजूला साडीतली बाई उभी राहून भाषांतर करतेय म्हटल्यावर तर आणखीच. हो, साडी त्यानेच सुचवली होती. मी नेसले होते. पहिल्या दोन वेळा.

त्याचं आडनाव आणि एका खरोखरच्या मोठ्या खेळाडूचं आडनाव एकच होतं. लोक फोनवर शोधायचे, त्यांना तो दुसरा सापडायचा, आणि ते समाधानाने फोन खिशात ठेवायचे. चेहरा जुळतो का हे कोण बघतंय? त्याला खोटं बोलावंही लागायचं नाही, फक्त गप्प राहावं लागायचं, आणि गप्प राहण्यात तो पटाईत होता. बाकीचं मात्र तो बोलायचा. दहा वर्षं सर्वोच्च पातळीवर, भरलेली स्टेडियमं, राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर असताना गुडघा गेला. "संघात होतो" असं तो म्हणाला की मी इंग्रजीत "संघाचा कणा होतो" असं म्हणू लागले. ते त्याला कळलं. गाडीत तो म्हणाला, "तू ते सुंदर करतेस."

मला आवडलं ते. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या भाषेबद्दल बरं बोललं होतं. असल्या माणसाकडूनसुद्धा कौतुक चालतं मला, हे मला तेव्हा समजलं.

नवऱ्याला तर आकाश ठेंगणं झालं. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींचा क्रीडादिन होता, त्याने कॅप्टनला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. जन्मात एक फुटबॉल सामना नव्वद मिनिटं न पाहिलेले पुण्या-मुंबईचे इंजिनीअर त्याच्याभोवती उभे राहून मिडफिल्डवर मतं देत होते. त्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला. त्याने मला हळूच विचारलं, "हे आत्ता खायचं का?" एकजण माइकवर म्हणाला, की एवढा मोठा माणूस आपल्यात आला, आपल्या मुलांनी काहीतरी शिकावं. मुलं लांब गवतावर लोळत होती. माझी मुलगी घरी येताना गाडीत म्हणाली, "Mum, he's so fake."

"असं बोलू नये," नवरा म्हणाला.

"But he is," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली. आमच्या घरात तेव्हा डोकं ठिकाणावर असलेली ती एकटीच.

कॅप्टनची आई सकाळी फोन करायची. त्याचा मोबाइल तो उचलत नसे म्हणून ती कंपनीच्या नंबरवर करायची, आणि तो फोन माझ्या टेबलावर होता. आमची सकाळ म्हणजे तिची आदल्या दिवसाची संध्याकाळ, जेवण उरकलेलं. पहिल्या दिवशी मी फ्रेंचमध्ये बोलले तेव्हा ती म्हणाली, "मादाम, तुम्ही किती छान बोलता. आमच्या शाळेतल्या बाई असं बोलायच्या."

ती मला तुम्ही म्हणायची. अजूनही म्हणते.

मी कॅप्टनला खुणेने विचारायचे, घेता का? तो हात हलवायचा: नाही. "मीटिंगमध्ये आहेत," मी सांगायचे. "असू दे," ती म्हणायची, "त्याला त्रास देऊ नका," आणि मग माझ्याशीच बोलायची. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात ती एकटी राहत होती. नवरा ट्रक चालवायचा, तो वारला होता. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आता गुडघ्यांनी बेजार होती. मुलाच्या खेळाबद्दल ती जे सांगायची ते स्टेजवर मी सांगत होते त्याच्याशी कुठेच जुळत नव्हतं. ती सांगायची, की तो पहिल्यापासून चेंडू फार वेळ स्वतःजवळ ठेवायचा नाही. "गोल दुसरे करायचे. घरी आल्यावर मी विचारायची, आज काय केलंस? तो म्हणायचा, पास दिले. मला वाटायचं, हा लाजतो म्हणून असं सांगतो. पण खरंच तो पासच द्यायचा."

मग एक दिवस पार्सल आलं. तिने पाठवलेलं. मी नेहमीसारखं उघडलं तर आत एक जाडजूड वही होती, त्यांच्या गावच्या पेपरातली कात्रणं चिकटवलेली. प्रत्येक कात्रणाखाली निळ्या पेनाने तारीख आणि हवामान. पाऊस. वारा. खूप थंडी. जेवणाच्या सुट्टीत मी ती सगळी वाचली.

तो दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबाकडून खेळला होता, सहा हंगाम. बऱ्याचदा उत्तरार्धात उतरवलेला. पेपरवाल्याने त्याच्याबद्दल कधी अर्ध्या ओळीपेक्षा जास्त लिहिलेलं नव्हतं, पण त्या अर्ध्या ओळी वाईट नव्हत्या. हा आला की खेळ सावरतो, अशा अर्थाचं काहीतरी तीन-चार ठिकाणी होतं. एका सामन्यात संघाच्या कॅप्टनला दुखापत झाली म्हणून शेवटची अकरा मिनिटं दंडावरची कॅप्टनची पट्टी याच्याकडे आली होती. त्या कात्रणाभोवती आईने लाल चौकट काढली होती. मग गुडघा. तोही भरलेल्या स्टेडियममध्ये नाही, सरावात, पाण्याच्या डबक्यात घसरून.

मी वही घेऊन त्याच्याकडे गेले. म्हटलं, "हे किती चांगलं आहे. हेच का सांगत नाही तुम्ही?"

त्याने दोन पानं उलटली. चेहऱ्यावर काहीतरी आलं खरं, पण ते फार वेळ टिकलं नाही. "हे कोण विकत घेणार?" तो म्हणाला. "राखीव खेळाडूचे मोजे? टाकून दे."

"कुठे?"

"कागद आहे ना? रिसायकलिंगच्या डब्यात."

मी ती माझ्या खणात ठेवली. माणूस वाढवून सांगतो हे मला समजत होतं, मीच त्याला मदत करत होते. पण सहा वर्षं पावसात उभं राहून मिळवलेली गोष्ट इतक्या सहज डब्यात टाकायला निघालेला माणूस मी आधी पाहिला नव्हता. स्वतःच्याच आयुष्याचा त्याला कमीपणा वाटत होता, आणि बाकी सगळ्यांनी मात्र त्याला कॅप्टन म्हणायचं. त्या दिवसापासून त्याची आफ्टरशेव्हची बाटली, त्याचे दात, तो कॉफी ढवळून चमचा टेबलावर ठेवायचा ती पद्धत, सगळंच मला असह्य झालं.

पुढच्या आठवड्यात हॅमिल्टनच्या ते रापा नावाच्या भागात कार्यक्रम होता. एका क्लबाच्या हॉलमध्ये, दुधाच्या कारखान्यापासून जवळच. तीसेक लोक, बरेचसे शेतकरी आणि क्लब चालवणारे. सुरुवातीला कुणीतरी माओरीत "किया ओरा" म्हणून स्वागत केलं, चहा आणि सॉसेज रोल झाले, आणि कॅप्टन उभा राहिला. त्याने नेहमीचं सुरू केलं: साठ हजार प्रेक्षक, मी खेळाडूंच्या बोगद्यातून मैदानावर येतो आहे.

मी इंग्रजीत म्हटलं, "लहान गावातलं मैदान. दोन-तीनशे माणसं असतील. पाऊस होता. मी बाकावर बसलो होतो, नेहमीसारखा."

मी आधी काहीच ठरवलेलं नव्हतं. तोंडातून ते निघालं आणि मग थांबेना. तो चषकाबद्दल बोलला, मी पासबद्दल बोलले. तो राष्ट्रीय संघाबद्दल बोलला, मी त्या अकरा मिनिटांच्या पट्टीबद्दल आणि लाल चौकटीबद्दल सांगितलं. तो छातीवर हात ठेवून गुडघ्याबद्दल सांगत होता, मी डबकं सांगितलं. लोक हसले. तो जरा गोंधळला, कारण तिथे हसण्यासारखं काही नव्हतं. मग मी आईचं सांगितलं, शाळेच्या स्वयंपाकघरातली, कात्रणाखाली हवामान लिहिणारी. हॉल शांत झाला.

नंतर एक थोराड शेतकरी त्याच्याकडे आला, त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "माझा पोरगाही सगळी वर्षं राखीवच होता. चांगलं केलंस, हे सांगितलंस." एवढं इंग्रजी कॅप्टनला येत होतं. त्या दिवशी मोज्यांच्या ऑर्डरी आधी कधी नव्हत्या इतक्या आल्या.

परत येताना गाडी तो चालवत होता. हायवेला लागल्यावर त्याने विचारलं:

"तू काय सांगितलंस त्यांना?"

मी सांगितलं. सगळं. आता नोकरी गेली असं मनाशी धरून, आणि जरा ताठ मानेने. एवढ्यात बाहेर बॉम्बेची पाटी गेली. ऑकलंडच्या अलीकडे या नावाचं एक गाव आहे, नवीन आलेला प्रत्येक मराठी माणूस तिथे फोटो काढतो. मी पाटीकडे बघत वाट पाहत होते, की हा आता ओरडेल, गाडी बाजूला घेईल. एखादा लाज वाटलेला माणूस जे काही करतो ते करेल.

तो म्हणाला, "ती पुढच्या रांगेतली बाई रडत होती. नेमकं कशाला रडली? पट्टीला, की आईला?"

मी काच खाली केली.

"आईला," तो स्वतःशीच म्हणाला. "नक्की आईला."

दुसऱ्या दिवशी त्याने ती वही मागून घेतली. तिचे फोटो काढले, मोठे करून छापून घेतले, लाल चौकटीचा तर बॅनर केला. खरं जे होतं ते आता कार्यक्रमपत्रिकेत आलं. बाक, पाऊस, पास, सगळं. तो मान खाली घालून बोलायला शिकला. जिथे ते रापाला लोक आपोआप गप्प झाले होते तिथे तो थांबायचा, मनात चार आकडे मोजायचा, आणि पुढे जायचा. वर्षभर साठ हजार प्रेक्षकांचं खोटं सांगताना तो मला निदान हास्यास्पद वाटत होता. आता तो खरं बोलत होता आणि ते ऐकवत नव्हतं. आणि हा माल त्याला मीच आणून दिला होता.

आई मात्र दर वेळी थोडी बदलत गेली. पहिल्यांदा ती शाळेच्या स्वयंपाकघरातच होती. मग ती दोन ठिकाणी काम करू लागली. मग आजारी पडली. चौथ्या कार्यक्रमात, पेनरोजलाच, एका मोठ्या दुकानाच्या खरेदीदारांसमोर, तो फ्रेंचमध्ये म्हणाला की ही दंडावरची पट्टी पाहायला ती नव्हती. माझी जर्सी इस्त्री करताना ती गेली, कात्रण तिच्या शेजाऱ्याने चिकटवलं.

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी भाषांतर केलं. नुसतं केलं नाही, चांगलं केलं. इस्त्री गरम होती हे मी माझ्या पदरचं घातलं.

याचं कारण मी पुष्कळदा शोधलं आहे. लोक वाट पाहत होते, वाक्य पुढ्यात होतं, आणि वाक्य पुढ्यात आलं की ते पुरं करायचं एवढंच मला येतं. दुसरं कारण मला सापडलं नाही. त्या ते रापाच्या दिवसाचा मला जो काही अभिमान वाटत होता तो त्या एका वाक्यात संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"मादाम, तुमच्याकडे थंडी आहे का?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "वाराही आहे."

"वही मिळाली ना त्याला? तो काही बोललाच नाही. आवडली का?"

कॅप्टन काचेपलीकडे बॅनर नीट लागलाय का ते बघत होता. मी म्हटलं, "हो. फार आवडली. भिंतीवर लावली आहेत त्यांनी तुमची कात्रणं."

"भिंतीवर," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, की नाक पुसायला रुमाल आणते, एक मिनिट.

तिने फोन ठेवल्यावर मी आत गेले आणि सांगितलं, की मी जातेय, आणि का जातेय तेही. तो शांतपणे ऐकत होता. "ती गोष्ट आहे," तो म्हणाला. "तिला कधी कळणार आहे? तिला इंग्रजी येत नाही."

"मला येतं."

"तू?" तो हसला. "सुरुवात कुणी केली? माझं बोलणं बदलायला मी तुला सांगितलं होतं? आणि ती गरम इस्त्री कुणाची?"

म्हणजे त्याला तेवढं इंग्रजी समजत होतं. बहुधा पहिल्यापासून समजत होतं. आणि त्याचं बरोबर होतं. असल्या माणसाचं आपल्याबद्दल बरोबर असावं यासारखी दुसरी शिक्षा नाही. मी जाताना भिंतीशेजारच्या खोक्यातून वही काढून घेतली. त्याने पाहिलं, पण अडवलं नाही. त्याच्याकडे फोटो होते.

वही मी तिला परत पाठवली, सोबत माझा घरचा नंबर आणि चिठ्ठी दिली, की मूळ प्रत तुमच्याकडेच सुरक्षित राहील. ते खरंच होतं. मी नळांच्या डेपोत परत गेले. माझी जागा भरली होती, पण मॅनेजर म्हणाला "स्वीट अ‍ॅज," म्हणजे हरकत नाही, आणि मला मागच्या टेबलावर बसवलं. कॅप्टनची कंपनी पुढे ऑस्ट्रेलियातल्या कुणीतरी घेतली. तो स्वतः तिकडे गेला आणि आता मोजेही विकत नाही, नुसता बोलतो. मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांपुढे, इंग्रजीत, दुभाष्याशिवाय, अपयश आणि नम्रता या विषयावर.

त्याचा एक व्हिडिओ आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडे एक पुण्याचं जोडपं जेवायला आलं होतं, नुकतंच इथे स्थिरावलेलं. जेवण झाल्यावर नवऱ्याने तो टीव्हीवर लावला. त्याला सगळं माहीत आहे, मी सांगितलेलं आहे, तरी तो लावतो. "आमची ही यांच्याकडे होती," असं सांगायला मिळतं ना. इस्त्रीपाशी आल्यावर कॅप्टन थांबला आणि त्याचे डोळे भरून आले. सोफ्यावरच्या बाईंनीही ओढणीने डोळे टिपले.

"खरंच हो," त्या मला म्हणाल्या, "मुलाचं यश बघायला आई नसावी, काय नशीब एकेकाचं."

"ती आहे," मी म्हटलं. "गुडघे दुखतात तिचे. परवाच बोलणं झालं आमचं."

त्यांना ते आवडलं नाही. ओढणी खाली ठेवून त्यांनी आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण बोलतो छान."

मी चहा टाकायला आत गेले.